न बोलता पुढे दिलेली वाटी

रविवार, ३ ऑगस्ट २०२५

कंपनीने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. आधीची सात महिन्यांची पानं कोरी राहू देत. तेव्हा लिहिण्यासारखं काही घडलंही नाही. पीण्याच्या कारखान्यात बुशांची, म्हणजे धातूच्या पोकळ कड्यांची, भोकं तपासायची, दासरहळ्ळीला घरी यायचं, कुकर लावायचा. अकरा वर्षं मी गेजचं एक टोक भोकात घालते आणि दुसरं जात नाही ना ते बघते. पहिलं गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. एवढंच माझं आयुष्य, असं म्हटलं तर माझा नवरा बसवंत म्हणतो, पगार येतो की.

आज ‘भिंती’वर माझा पहिला फोटो लागला. भिंत म्हणजे आमचा ग्रुप. मल्लेश्वरमला देवाप्पाकाकांचं फ्रेमचं दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ-नऊ हौशी मंडळी जमतात. घरात मराठी बोलणारी सगळी. कुणी चार पिढ्यांपूर्वी बेंगळुरूत आलेले, कुणी माझ्यासारखे बिदरकडचे. पांढऱ्या भिंतीवर फोटो दाखवतात, पण कुणाचा ते सांगत नाहीत. मग काँग्रेस कडलेकाईची, म्हणजे तिखटमीठ लावलेल्या शेंगदाण्यांची, वाटी फिरते. वाटी हातात आली की त्या फोटोबद्दल एक गोड आणि एक तिखट बोलायचं. ज्याचा फोटो असेल त्याने चार दाणे घ्यायचे आणि न बोलता वाटी पुढे द्यायची. खुलासा करायचा नाही, बाजू मांडायची नाही.

माझा फोटो लेथवरच्या माणसाच्या पाठीचा होता. कुणी घामाचं कौतुक केलं, कुणी म्हणालं वाकडा आहे. वाटी माझ्याकडे आली तेव्हा दाणे सांडले, आणि सगळ्यांना कळलं. हसले, पण प्रेमाने. सुधींद्रअण्णा जिन्यात थांबून वीस मिनिटं समजावत होते, उजेड कुठून येतो ते आधी बघायचं, माणूस नंतर. बँकेतून लवकर निवृत्ती घेऊन फोटोच करत बसलेला माणूस. एवढा वेळ मला कुणी कशासाठीच दिलेला नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट

आज सकाळी शिफ्टच्या आधी पीण्याच्या पुढे यशवंतपूरपर्यंत गेले. घाऊक बाजारात लसणाच्या पोत्यांच्या गल्लीत एक म्हातारी सांडलेल्या पाकळ्या वेचत बसली होती. वेचायच्या, पाखडायच्या, सुपात निवडायच्या. मी कन्नडमध्ये विचारलं, तिने उत्तर मराठीत दिलं. गोजराबाई, औरादची. म्हणजे माझ्या भालकीपासून हाकेच्या अंतरावरची. मग काय, पंधरा मिनिटं गप्पाच झाल्या.

फोटो काढू का म्हटलं तर पदर तोंडावर. दात नाहीत म्हणाली. मी म्हटलं, माझ्याही दोन दाढा गेल्यात. ती हसायला लागली, सूप हलत राहिलं, आणि त्याच वेळी पत्र्याच्या फटीतून ऊन आलं. लसणाच्या साली हवेत उडत होत्या. मी बटण दाबलं.

नंतर ती म्हणाली, “मला देशील नं फुटू? माझा येक बी न्हाई. आधारवरला हाय, त्यो माणसाचा वाटत न्हाई.”

पुढच्या शनिवारी देते म्हणाले. कॅमेऱ्याच्या काचेवर तो फोटो मी दिवसभरात तीसएक वेळा पाहिला. पाचशे बुश तपासायचे होते, तीनशेच झाले. सुपरवायझर बोलला. बोलू दे.

रविवार, ७ सप्टेंबर

म्हातारीचा फोटो भिंतीवर लागला तेव्हा खोलीत पंखा तेवढा ऐकू येत होता. अक्षरा, आमच्यातली सगळ्यांत लहान, लॅपटॉप तीच सांभाळते, ती तिखट काही सुचतच नाही म्हणाली. देवाप्पाकाका म्हणाले, ह्याला फ्रेम मी फुकट करेन. मी इकडे अंगठ्याने अंगठा दाबत बसले होते, वाटी आली तशी चार दाणे घेऊन पुढे दिली.

वाटी सुधींद्रअण्णांकडे गेली आणि त्यांनी ती न बोलता पुढे दिली. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, काय अण्णा, तुमचाच आहे की काय फोटो. तेही भानावर येऊन हसले. मला मात्र वाईट वाटलं. त्यांना आवडला नसणार आणि मला दुखवायचं नसेल, म्हणून गप्प राहिले.

दुपारी फोन करून विचारलंच. ते म्हणाले, “अक्का, फोटो चांगला आहे, पण अजून पिकला नाही. सावलीत खूप काही लपलंय. मूळ फाइल दे मला, स्वल्प काम करून बघतो. तोवर कुणाला देऊ नकोस.” केवढा धीर आला. दोष असला तर असू दे, पण तो दूर करायला आपलं म्हणणारं कुणीतरी आहे.

बुधवार, १० सप्टेंबर

मूळ फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडतच नाही, जुना डबा आहे. म्हणून कॅमेऱ्यातलं कार्डच पाकिटात घालून अण्णांच्या घरी देऊन आले. त्यांच्या बायकोने फिल्टर कॉफी दिली. भिंतीभर त्यांचे फोटो, सगळे हंपीचे, सगळे दहा-बारा वर्षांपूर्वीचे. मी नवे कुठे आहेत विचारलं. ते म्हणाले, हल्ली दुसऱ्यांना शिकवण्यातच समाधान वाटतं. असा माणूस विरळा.

रविवार, २१ सप्टेंबर

अण्णांनी कार्ड परत दिलं, अगदी पुसून स्वच्छ करून. म्हणाले, प्रत्येक वेळी कार्ड फॉरमॅट करून ठेवायची सवय लाव, नाहीतर फोटो खराब होतात. माझ्या कामाचे आठ फोटो निवडून, सुधारून पेनड्राइव्हवर घालून दिले. चारशे फोटो बसून पाहिले म्हणे. माझ्या सख्ख्या भावाने कॅनडाला जाताना हा कॅमेरा दिला, पण माझा एक फोटो आजवर नीट बघितला नाही.

त्या आठात गोजराबाई नव्हती. तो फोटो अजून त्यांच्याकडे आहे, त्यावर काम चालू आहे. माझ्याकडे त्या दिवशी भिंतीनंतर ग्रुपवर टाकलेली लहानशी प्रत आहे मोबाइलमध्ये, तेवढी पुरे.

शनिवार, ४ ऑक्टोबर

गोजराबाईने आज तिसऱ्यांदा विचारलं. फोटो तयार व्हायचाय म्हणाले. ती म्हणाली, “तयार व्हायला काय भाकर हाय?” मला हसू आलं आणि जरा रागही आला. तिला काय सांगणार सावल्या आणि उजेड. अर्धवट फोटो हातात ठेवला तर माझंच नाव खराब.

पुढच्या शनिवारी यशवंतपूरपर्यंत न जाता पीण्यालाच उतरेन म्हणते. फुलांचे फोटो काढायचेही राहिलेत.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

एका रंगाच्या कंपनीची स्पर्धा आहे, विषय ‘बाजार’. निकाल महिनाअखेरीस, जिंकलेले फोटो त्यांच्या नव्या कॅलेंडरवर छापणार. मला वाटलं, हा तर माझ्यासाठीच विषय. अण्णांना विचारलं. ते म्हणाले, यंदा नको अक्का, पहिल्याच वर्षी नाकारला गेला तर मन मोडतं, पुढच्या वर्षी आपण दोघं मिळून तयारी करू. शिवाय तिथे मूळ फाइल द्यावी लागते, तपासतात, फार भानगडी असतात.

रात्री जेवताना बसवंतला सांगितलं. तो ताटातून मान वर न करता म्हणाला, “मग तुझी मूळ फाइल तुझ्याकडं आहे का?”

मी म्हटलं, अण्णांकडे सुरक्षित आहे. त्याने आमटी वाढून घेतली. त्याला माझ्या मैत्रीत खोट काढायची सवयच आहे. विम्याच्या ऑफिसात राहून माणसाला सगळीकडे कागदच दिसतात.

रविवार, ७ डिसेंबर

दिवाळीला भालकीला गेले आणि तुळशीच्या लग्नापर्यंत राहिले, म्हणून नोव्हेंबरची भिंत चुकली होती. आज गेले. मोठी बातमी ही की फेब्रुवारीत आमचं प्रदर्शन आहे. सुधींद्रअण्णांनी ओळखीने चांगला हॉल मिळवला. प्रत्येकाचे दोन-दोन फोटो. फ्रेमा देवाप्पाकाका करणार. अक्षराने आईला सांगून ठेवलंय, चिक्कमगळूरहून सगळे येणार म्हणे.

मी गोजराबाईचा फोटो देणार म्हटलं. अण्णा म्हणाले, लेथवाला दे, तो तुझा खास आहे. बाकीचे जरा खाली बघत होते असं वाटलं. थंडी होती, कदाचित त्यामुळे सगळे गप्प.

शनिवार, १३ डिसेंबर

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते. नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

स्टोअरचा योगीराज नवी कॅलेंडरं घेऊन आला. दरवर्षी येतात, रंगाच्या कंपनीची. त्याने इन्स्पेक्शनच्या खिळ्याला एक अडकवलं आणि बघ अक्का, छान फोटो आहेत म्हणून पानं उलटून दाखवू लागला. मार्चवर गोजराबाई हसत होती.

सूप, साली, पत्र्यातलं ऊन. पदराचं टोक तिच्या मनगटावर गुंडाळलेलं, ते मी काचेवर बघून बघून पाठ केलं होतं. खाली बारीक अक्षरात नाव होतं. सुधींद्र आणि त्याचं आडनाव. पहिलं बक्षीस.

मी योगीराजला म्हणाले, हा माझा आहे. तो म्हणाला, हो का, आणि एप्रिल दाखवायला लागला.

उरलेल्या शिफ्टमध्ये मी एकही बुश नाकारला नाही. सगळे पास केले. सोमवारी परत येतील.

रविवार, १४ डिसेंबर

सकाळी फोन लावला. वाटलं होतं, तो उचलणार नाही. उचलला, आणि माझी वाट बघत असल्यासारखा शांत बोलला.

“अक्का, फोटो घेणं वेगळं आणि फोटो घडवणं वेगळं. तू बटण दाबलंस. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड मी सात दिवस बसून काढलाय. माझ्या हाती आला नसता तर तो तुझ्या कार्डात कुजला असता. सरी, मान्य, तुझं नाव सोबत घालायला हवं होतं, पण अर्जात एकच नाव बसतं.”

मी म्हटलं, तुम्ही मला पाठवू नको म्हणालात. तो म्हणाला, तू पाठवलाही नसतास. हे खरं आहे, आणि ते त्याला माहीत होतं. मला कोणत्या बाजूने कापायचं हे तो जिन्यातल्या त्या वीस मिनिटांतच शिकला असणार. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. आणि मी मान पुढे करून वर आभार मानले. कार्ड पुसून दिलंत, फार उपकार झाले, असा मेसेजही केला होता. अजून आहे मोबाइलमध्ये, शेजारी हात जोडल्याचं चित्र.

बसवंतला सांगितलं. मी म्हटलं, बोल आता, सांगितलं होतं म्हण. तो म्हणाला नाही तसं. चहा करून आणला. त्यात साखर विसरला होता, मी तसाच प्याले.

मंगळवार, १६ डिसेंबर

अक्षराला फोन केला. ती रडवेली झाली. सगळ्यांना नोव्हेंबरपासून ठाऊक होतं. मी भालकीला होते त्या रविवारी अण्णांनी स्वतःच बक्षिसाची बातमी सांगून पेढे वाटले होते. कुणी काहीच बोललं नाही का, विचारलं. ती म्हणाली, देवाप्पाकाकांना वाटलं तुम्हा दोघांचं ठरलं असेल.

ह्या नऊ माणसांनी सप्टेंबरात तो फोटो माझा म्हणून पाहिला. वाटी माझ्या हातातून न बोलता पुढे गेलेली पाहिली. आणि नंतर त्याचेच पेढे खाल्ले. चोरापेक्षा मला ह्यांचा राग जास्त येतो आहे. त्याला फोटो हवा होता. ह्यांना काय हवं होतं?

गुरुवार, १ जानेवारी २०२६

ह्यांना त्याने मिळवलेला प्रदर्शनाचा हॉल हवा आहे. एवढी साधी गोष्ट कळायला मला पंधरा दिवस लागले.

रविवारी भिंतीला जाणार. भांडायला नाही. फक्त फोटो लावायचा. अक्षराला मेसेज करून लहानशी प्रत पाठवली. तिने बराच वेळ घेऊन ‘बरं’ एवढंच लिहिलं.

रविवार, ४ जानेवारी

अक्षराने शब्द पाळला. तिसरा फोटो गोजराबाईचा लागला. लहान प्रत भिंतीएवढी ताणलेली, कडा फाटल्यासारख्या झालेल्या, पण हसू तसंच. कुणी मान वळवली नाही. देवाप्पाकाकांनी वाटी उचलली, क्षणभर धरून ठेवली आणि म्हणाले, उजेड गोड आहे, आणि तिखट म्हणाल तर जरा धूसर दिसतो.

मग एकेक जण. साली छान उडाल्यात. सूप थोडं कापलं गेलंय. अक्षरा म्हणाली, बाई खरंच हसतेय, आणि तिखट सांगायचं विसरली. जणू आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. वाटी माझ्याकडे आली. मी चार दाणे घेतले. एकही सांडला नाही. न बोलता पुढे दिली.

माझ्यानंतर दोन माणसं सोडून तो बसला होता. मला वाटत होतं, आता त्याला बोलावं लागेल. एक गोड, एक तिखट, काहीही बोलला तरी फोटो त्याचा नाही हे कबूल होईल. त्याने वाटीत बघितलं, दाणे घेतले आणि न बोलता पुढे दिली.

एका फोटोवर दोघं गप्प. सप्टेंबरात असं झालं तेव्हा सगळे हसले होते, आज कुणी हसलं नाही. पंखा बंद होता, रस्त्यावरचा फुलवाला ऐकू येत होता. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले. कुणीतरी एक वाक्य बोलेल. मोठं नाही, ‘हा तर शिवलीलाचा’ एवढंच. सगळे मूग गिळून बसले होते.

वाटी फिरून देवाप्पाकाकांकडे आली. त्यांनी ती खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही, त्याच्याकडेही नाही.

“अक्षरा,” ते म्हणाले, “पुढचा लाव.”

पुढचा नंदी हिल्सवरच्या धुक्याचा होता. मी उठले, चपला घातल्या. जिन्यात कुणी मागे आलं नाही. मेट्रोत उभी राहून रडले, शेजारच्या बाईने उठून जागा दिली. तिला वाटलं तब्येत बरी नाही.

मंगळवार, ६ जानेवारी

ग्रुप सोडला. आज कामावर तेवीस बुश नाकारले, सगळे खरोखर खराब होते. ह्यापुढे कुणाला काही दाखवणार नाही. माझा फोटो होता तो. माझ्या आयुष्यात पूर्णपणे माझी म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू होती, आणि ती मला न विचारता नेली.

शनिवार, १७ जानेवारी

मोबाइलमधल्या प्रतीतून दासरहळ्ळीच्या स्टुडिओवाल्याकडून प्रिंट काढली. पोस्टकार्डाएवढीच निघते, त्याहून मोठी केली तर फाटते म्हणाला. ह्या वेळी चूक करायची नाही म्हणून खालच्या कोपऱ्यात माझं नाव छापून घेतलं, ठळक. काचेची फ्रेम केली. आज रजा टाकून तीन महिन्यांनी यशवंतपूरला उतरले.

लसणाच्या गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर ते कॅलेंडर टांगलेलं होतं. जानेवारी सोडून मार्च उघडा ठेवलेला. गोजराबाईने मला लांबूनच पाहिलं, पण हाक मारली नाही. पाखडत राहिली.

मी शेजारी बसले. सगळं सांगितलं. कसा विश्वास ठेवला, कार्ड कसं दिलं, कसं फसवलं, सगळे कसे गप्प बसले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हंजे त्या बाबानं तुला इचारलं न्हाई.”

मी म्हटलं, नाही ना.

“समदं मार्केट हसलं मला. बोळकी म्हणत्यात आता. मला बी कुणी इचारलं न्हाई.”

मी घाईने फ्रेम पुढे केली. तिने हात पदराला पुसले, दोन्ही हातांनी धरली, उन्हाकडे वळवली. बराच वेळ बघत होती. मग काचेवरून फोटोतल्या स्वतःच्या हातांवर बोट फिरवलं. “हात माज्या मायवानी आल्यात,” ती म्हणाली. “चांगला काढलीस.” मला वाटलं, भिंतीवर कुणी बोललं नाही ते हिने बोलून भरून काढलं.

मग तिचं बोट खालच्या कोपऱ्यात गेलं. तिला वाचता येत नाही. काय लिहिलंय विचारलं. मी म्हटलं, माझं नाव.

“त्या कॅलेंडरावर त्येचं, ह्येच्यावर तुझं,” ती म्हणाली. “आन् हसली कोण?”

ज्याचा फोटो असतो त्याने बोलायचं नसतं. म्हणून मी गप्प राहिले असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

तिने फ्रेम माझ्या मांडीवर ठेवली. राग नव्हता तिच्या आवाजात, तसा असता तर बरं झालं असतं. “माझं बी नाव घालून आन, मग ठेवते,” ती म्हणाली, आणि सूप उचललं.

आता दुपार झालीय. बसवंत कामावर गेलाय. मागचा पुठ्ठा सोडवून प्रिंट बाहेर काढली आहे, काळं पेन घेतलं आहे, माझ्या नावाच्या वर जागा सोडून ‘गोजराबाई’ लिहिलं आहे. तेवढ्यावर पेन थांबलं. तिचं आडनाव मला माहीत नाही. पाच महिन्यांत मी ते कधी विचारलंच नाही.